दयाळ : शास्त्रीय नावाची व्युत्पत्ती

दयाळ (कॉप्सिकस सॉलॅरिस) : मस्किकॅपिडी कुलातील गाणारा पक्षी. कार्ल लिनीअसने 1758 मध्ये त्याचे ‘ग्रॅक्युला सॉलॅरिस’ असे नामकरण करून त्याला मैनांच्या प्रजातीत घातले. हल्लीचे प्रजातिनाम पक्षितज्ज्ञ वाग्लरने 1827 मध्ये दिले. ते ‘काळा कस्तूर’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे.

खरा वाद झाला तो ‘सॉलॅरिस’वरून. इंग्रज चित्रकार एलिझर ॲल्बिन याने या पक्ष्याला ‘डायल-बर्ड’ म्हटले होते. हा डायल म्हणजे देशी ‘दहियल’चाच अपभ्रंश. मात्र फ्रेंच पक्षितज्ज्ञ लव्हायां याने त्याचा अर्थ सूर्यघड्याळ असा लावला. लिनीअसचाही तसाच समज झाला, त्याला ‘सोलॅरिस’ (सूर्याचा) लिहायचे होते आणि लेखणी घसरली, असे पक्षितज्ज्ञ जेर्डनने मांडले. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लिथला हे पटले नाही. त्याच्या मते मूळ शब्द हिंदुस्थानी ‘सौलारी’, म्हणजे शंभर गाणी गाणारा. मद्रासचा शल्यचिकित्सक एडवर्ड बल्कली याने याच नावाने एक नर लंडनच्या जेम्स पेटिव्हरकडे पाठवला होता. जातीचे पहिले वर्णन पेटिव्हरचेच. या पुराव्यापुढे जेर्डनची उपपत्ती लंगडी पडते. मराठी ‘दयाळ’चे ‘दहियल’शी नाते उघड आहे, त्याचा दयेशी संबंध नाही.