उसन्या नावाची माणसं

बंगालीत ‘छिटमहल’ असा एक शब्द आहे. आपल्या कानाला तो ओळखीचा वाटतो. छीट म्हटलं की नक्षीचं कापड आठवतं, महाल म्हटलं की राजवाडा. पण या शब्दात कापडही नाही आणि राजवाडाही नाही. बंगालीत छिट म्हणजे मूळ भागापासून सुटलेला तुकडा आणि महल म्हणजे महसुलाचा मुलूख. हा दुसरा अर्थ आपल्याकडेही होता. महालाचा कारभार पाहणारा महालकरी जुन्या मंडळींना आठवत असेल. तर छिटमहल म्हणजे एका राज्याच्या मालकीचा, पण दुसऱ्या राज्याच्या पोटात पडलेला जमिनीचा तुकडा. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर ३१ जुलै २०१५च्या मध्यरात्रीपर्यंत असे १६२ तुकडे होते. भारताचे १११ बांगलादेशात आणि बांगलादेशाचे ५१ भारतात. त्यांत पन्नास हजारांहून अधिक माणसं राहत होती. सीमा माणसाचं काय करते, हे समजून घ्यायचं असेल तर या माणसांकडे पाहावं.

हे तुकडे पडले कसे? त्या भागात एक गोष्ट सांगतात. कूचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार बुद्धिबळ खेळायला बसत आणि पणाला गावं लावत. कुणी जिंकलं, कुणी हरलं आणि गावं इकडची तिकडं झाली. गोष्ट रंगतदार आहे, पण इतिहास साधा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांनी कूचबिहारवर स्वाऱ्या केल्या आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तह झाला. मोगलांना काही परगणे मिळाले. पण त्या परगण्यांतले काही जमीनदार कूचबिहारच्या राजालाच सारा भरत राहिले. उलट कूचबिहारच्या हद्दीत काही जमिनी मोगलांच्या शिपायांनी धरून ठेवल्या होत्या, त्या मोगलांकडे राहिल्या. पुढं मोगलांच्या जागी ईस्ट इंडिया कंपनी आली. कागद तसेच राहिले.

यात त्या काळी कुणाला काही वावगं वाटलं नाही. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातच पाहा ना. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी या पटवर्धनांच्या संस्थानांचे मुलूख असेच विखुरलेले होते. एक गाव एका संस्थानात, शेजारचं दुसऱ्यात, पलीकडचं इंग्रजांच्या खालशात. माणसं बाजाराला जात, जत्रेला जात, मुली देत आणि सुना आणत. सारा कुठल्या कचेरीत भरायचा, एवढाच फरक. १९४८मध्ये ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली आणि ते तुकडे नकाशातून विरघळून गेले. आज तिथल्या पोराला विचारलं तर आपलं गाव कुठल्या संस्थानात होतं, हे त्याला सांगताही येणार नाही. कूचबिहारच्या तुकड्यांचं नशीब मात्र वेगळं निघालं.

कूचबिहारशी आपलं एक नातंही आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे हिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलं होतं. ते मोडून तिनं १९१३मध्ये कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केलं. १९२२मध्ये पती वारले, मुलगा लहान होता आणि संस्थानाचा कारभार या मराठी मुलीनं रीजंट म्हणून चालवला. तिचा तो मुलगा जगद्दीपेंद्र नारायण हा कूचबिहारचा शेवटचा महाराजा.

ऑगस्ट १९४७मध्ये सिरिल रॅडक्लिफ यांनी बंगालची फाळणी करणारी रेघ ओढली. रंगपूर पाकिस्तानात गेलं. कूचबिहार संस्थान होतं, त्यामुळे ते रॅडक्लिफ यांच्या कक्षेत येतच नव्हतं. दोन वर्षांनी, २८ ऑगस्ट १९४९ला, जगद्दीपेंद्र नारायण यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली. सप्टेंबरात कारभार भारताकडे आला आणि १ जानेवारी १९५०ला कूचबिहार पश्चिम बंगालचा जिल्हा झाला. संस्थान भारतात आलं म्हणजे त्याचे सगळे तुकडेही भारतात आले. पण त्यातले बरेच तुकडे होते पाकिस्तानच्या पोटात! तिथला शेतकरी आदल्या दिवशी होता त्याच बांधावर उभा होता. त्याच्याभोवती देश बदलला होता.

तरीही सुरुवातीला ये-जा चालू होती. खरी कुलपं लागली ती ऑक्टोबर १९५२मध्ये. त्या महिन्यापासून दोन्ही देशांत जाण्यायेण्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. आता पूर्व पाकिस्तानातल्या भारतीय छिटमहलात राहणाऱ्या माणसाचा विचार करा. पासपोर्ट काढायला त्याला भारतातल्या शहरात जायला हवं. तिथं जायला पाकिस्तानची जमीन ओलांडायला हवी. ती ओलांडायला व्हिसा हवा आणि व्हिसा मिळायला पासपोर्ट हवा. म्हणजे कायद्यानं वागायचं ठरवलं तर त्यानं जन्मभर घरात बसून राहायचं. मीठ आणायला बाहेर पडला तरी गुन्हा. भारतातल्या बांगलादेशी छिटमहलांतही हेच. ज्या रस्त्यानं माणूस रोज बाजारात जात होता, त्याच रस्त्यावर तो परदेशी नागरिकांच्या कायद्याखाली पकडला जाऊ शकत होता, आणि अनेकजण पकडलेही गेले.

सीमेनं माणसांचं चालणं थांबत नाही, हे इथं लक्षात घ्यायला हवं. पोट आहे तोवर माणूस चालणारच. सीमा एवढंच करते, की कालपर्यंतच्या साध्या चालण्याला गुन्हा ठरवते. मग शिपायाची मर्जी, दलालाचा भाव आणि शेजाऱ्याचा चांगुलपणा यांवर आयुष्य चालतं. छिटमहलांत सरकारी शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, पोलीस ठाणं नव्हतं. विजेच्या तारा कडेनं जात, आत येत नसत. चोरी झाली तर फिर्याद द्यायची कुठं? ज्यांचं ठाणं शेजारी होतं, त्यांची हद्द नव्हती. ज्यांची हद्द होती, त्यांना तिथं येता येत नव्हतं. काही छिटमहलांत लोकांनी स्वतःच पंच नेमून तंटे मिटवले. तुकड्यांची गुंतागुंत इतकी, की दहला खागराबाडी नावाचं दीड-पावणेदोन एकराचं भारतीय शेत एका बांगलादेशी तुकड्याच्या आत होतं, तो तुकडा एका भारतीय तुकड्याच्या आत आणि तो भारतीय तुकडा बांगलादेशात.

मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. नाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न कोणता येणार, हे मला सवयीनं कळतं. म्हणूनच असेल, पण छिटमहलांच्या साऱ्या कहाणीत मला सर्वांत जास्त खुपलं ते नावांचं. भारतातल्या बांगलादेशी छिटमहलातल्या मुलाला शेजारच्या भारतीय गावातल्या शाळेत घालायचं तर बाप भारतीय लागे. मग ओळखीतल्या एखाद्या भारतीय माणसाचं नाव बाप म्हणून लावायचं. बाळंतपणाला इस्पितळात जायचं तर बाईनं नवरा म्हणून दुसऱ्याच पुरुषाचं नाव सांगायचं. कधी शेजारधर्म म्हणून, तर कधी पैसे मोजून ही नावं उसनी घेतली जात. आपण शेजाऱ्याकडून वाटीभर साखर उसनी आणतो, चार दिवसांनी परत करतो. बापाचं नाव परत कसं करायचं? मूल दहावी होतं, दाखल्यावर तेच नाव चढतं, आणि घरात ज्याला तो ‘अब्बा’ किंवा ‘बाबा’ म्हणतो तो कागदावर त्याचा कुणीच नसतो.

दोन्ही सरकारांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. १९५८मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान फिरोजखान नून यांनी छिटमहलांची अदलाबदल करायचं ठरवलं. त्याच करारात बेरुबाडीच्या विभागणीचाही भाग होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे गेलं. देशाची भूमी दुसऱ्या देशाला द्यायची तर घटनादुरुस्ती हवी, असं न्यायालयानं १९६०मध्ये सांगितलं. नववी घटनादुरुस्ती झाली, पण अदलाबदल झाली नाही. १९७१मध्ये बांगलादेश जन्मला. १६ मे १९७४ला इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी नवा करार केला. बांगलादेशानं त्याच वर्षी त्याला मान्यता दिली. आपल्याकडे ती मिळायला ४१ वर्षं लागली.

अडलं होतं ते एकरांवर. भारताचे तुकडे १७ हजार एकरांच्या वर, बांगलादेशाचे ७ हजारांच्या वर. म्हणजे अदलाबदलीत आपली दहा हजार एकर जमीन जास्त जाणार. त्या जमिनीवर आपला तलाठी, आपला मास्तर, आपली मतपेटी पोचत नव्हती, तरी ती जाणार याचं दुःख मोठं होतं. दोन्ही देशांनी मिळून तिथली डोकी मोजली ती थेट जुलै २०११मध्ये. तेव्हा ५१,५४९ माणसं भरली. मे २०१५मध्ये संसदेनं शंभरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकडे एकमेकांत मिसळले. लोकांनी ६८ वर्षांच्या ६८ मेणबत्त्या लावल्या.

प्रत्येकाला देश निवडायची मुभा होती. भारतातल्या बांगलादेशी छिटमहलांत बहुसंख्य मुसलमान होते. त्यांतला एकही माणूस बांगलादेशात गेला नाही. पलीकडच्या ३७ हजारांतून सुमारे नऊशे जण भारतात आले. त्यांत हिंदू जास्त होते, तसे मुसलमानही होते. बाकीचे आपापल्या घरीच राहिले. धर्मावरून माणसाचा देश ओळखणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. आपलं भाताचं खाचर, आपलं तळं आणि आपल्या माणसांच्या कबरी-स्मशानं जिथं आहेत तिथं राहावं, एवढंच बहुतेकांनी निवडलं.

२०१६च्या विधानसभा निवडणुकीत इथल्या लोकांनी पहिल्यांदा मत दिलं. रांगेत शंभरी ओलांडलेले वृद्धही होते. पण जमिनीचे तुकडे मिसळले तसे कागद मिसळले नाहीत. उसनं नाव दाखल्यावर राहिलंच, आणि नव्या ओळखपत्रावर आलं खरं नाव. दोन बापांचा मुलगा नोकरीच्या खिडकीपाशी उभा राहिला की कारकून कुठला कागद खरा मानणार? त्यात २०२५च्या अखेरीस पश्चिम बंगालमध्ये मतदार याद्यांची विशेष फेरतपासणी सुरू झाली. तुमचं किंवा तुमच्या आईवडिलांचं नाव २००२च्या यादीत दाखवा, असं विचारलं जाऊ लागलं. २००२मध्ये ही माणसं त्याच घरांत राहत होती. पण भारताच्या लेखी ती परदेशात होती. त्यांचं नाव त्या यादीत रीतसर असणार तरी कसं?

हक्क माणसाला जन्मानं मिळतात, असं आपण शाळेत शिकतो. छिटमहल सांगतं, की ते कागद पोचेल तिथवरच मिळतात. सीमा हलवायला ६८ वर्षं लागली, पण एका रात्रीत ती हललीही. दाखल्यावरचं बापाचं नाव दुरुस्त करून द्यायला ना संसद लागते, ना शेजारी देशाची संमती. एक अर्ज, एक शिक्का आणि समोरच्या माणसाचं म्हणणं ऐकून घेणारा एक अधिकारी पुरतो. निदान तेवढं तरी या माणसांना मिळायला हवं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)