रविवार सकाळचा इतिहास

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. "तू सायकलवर लिही आणि एक फोटो दे," एवढंच ऐकू आलं. फोटो दिला आहे, हेल्मेटमुळे कुणी ओळखलं नाही तर रागावणार नाही. लिहायला बसले आणि इतिहासाच्या बाई आठवल्या. सनावळी घडाघडा म्हणून दाखवली की त्या विचारायच्या, "हे सगळं झालं, पण त्यासाठी राबलं कोण?" वर्गात शांतता पसरायची. बाई, आज थोडं उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

हडपसरला आमचा आठ-दहा जणांचा सायकल ग्रुप आहे. सोमवार ते शुक्रवार मी संगणकाची. रात्री अमेरिकेचे कॉल, सकाळी लेकीचा डबा, मधेच रिलीज. बुधवारी पहाटे तासभर पाय मोकळे करते तेवढंच. खरी राइड रविवारी. पाचला निघायचं, दिवे घाट चढायचा, सासवड ओलांडून जेजुरी गाठायची आणि परत. ऐंशीएक किलोमीटर होतात. सगळे एका ओळीत चालवतात. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्यांना कमी जोर लागतो, दमला की तो बाजूला होतो आणि दुसरा पुढे येतो. खड्डा दिसला की पुढून हाताची खूण येते. या रस्त्यावर हात सतत वरखाली होत असतो.

या सकाळीला दोन गोष्टी लागतात, सायकल आणि रविवार. दोन्ही साधारण एकाच काळात आल्या, हे मला अलीकडे कळलं. पुढचं-मागचं चाक सारखं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्यासारखी सायकल स्टार्ले यांनी इंग्लंडात १८८५ मध्ये बाजारात आणली. डनलॉप यांचा हवेचा टायर १८८८ चा. १८९१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत झाली, तिचा विजेता ७१ तासांत परतला. आपल्याकडे सायकल सर्वसामान्यांच्या घरात यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. शाळेचा सायकल स्टँड आठवा: मद्रासच्या कारखान्याची सुरुवात १९४९ ची, सोनीपतच्या अ‍ॅटलसची १९५१ ची, लुधियानाच्या हीरोची १९५६ ची. माझी लेडीज सायकल आठवीत आली. मधला दांडा खाली वाकवलेला, तो मुळात तिकडच्या झग्यांसाठी, आपल्याकडे साडीला उपयोगी पडला. मागच्या चाकाला जाळी. आईने मात्र ती कधीच चालवली नाही. "मला कुठे जायचंय?" म्हणायची.

आता रविवार. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि ही मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मधल्या त्यांच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी हजारोंपुढे उभं राहून बोलायचं! १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली आणि स्त्रियांच्या कामाला दिवसाला अकरा तासांची मर्यादा पडली. रविवार खंडोबाचा वार, म्हणून तोच हवा, असंही तेव्हा मांडलं गेल्याचं सांगतात. आपण जेजुरीच्या पायथ्याशी वाढलो, फुले घराण्याचं खानवडी आपल्याच तालुक्यात, आणि ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली.

ती कळली त्याच सुमारास घरात खटका उडाला. मी दहाला घामाघूम परतले, सासूबाई ओट्यापाशी होत्या. म्हणाल्या, "तुझा रविवार झाला का? आता माझा कधी ते सांग." मला राग आला. यांच्या मुलाला क्रिकेटवरून आल्यावर कुणी कधी विचारलं होतं? तो रागही खोटा नव्हता. पण अंघोळ करताना हिशेब मांडला. गेली दोन वर्षं मी सायकलवर असताना पोहे त्या करत होत्या, दुधाकडे त्या बघत होत्या, आणि भांड्यांना मावशी येत होत्या. मावशी सोमवारीही येत, रविवारीही. त्यांची साप्ताहिक सुट्टी कोणती, असं मी कधी विचारलंच नव्हतं. कायदा कारखान्याचा होता, माझ्या मोरीपर्यंत तो आलाच नाही. आई "मला कुठे जायचंय?" म्हणायची तेव्हा तिचा रविवार इतर वारांपेक्षा जास्त कामाचा असायचा, पुरणाचा नाहीतर पाहुण्यांचा.

दुसऱ्या दिवशी मावशींना सांगितलं, रविवारी येऊ नका. त्या घाबरल्या, "पगार कापणार का ताई?" या प्रश्नाने मी जेवढी खजील झाले तेवढी ऑफिसात कधी झाले नाही. पगार कापला नाही. नवऱ्याने पोह्यांचं काम घेतलं. पहिले तीन रविवार ते कढईला लागले, सासूबाई हॉलमध्ये पेपर वाचत बसल्या आणि मुद्दाम उठल्या नाहीत. भांडी माझ्याकडे. परतल्यावर पाय थरथरत असताना कढई घासणं हा घाटापेक्षा अवघड चढ आहे, अनुभवी सायकलस्वारांनी माझ्याशी वाद घालू नये. लेक म्हणते डिशवॉशर घे. बघू.

सासूबाई रविवारी आता भजनाला जातात, आणि परतायला माझ्यापेक्षा उशीर करतात.

जेजुरीहून येताना आम्ही साडेआठच्या सुमारास शाळेच्या फाटकापाशी पाणी प्यायला थांबतो. सायकल स्टँडच्या जागी आता स्कूटरच जास्त आहेत. बॅचपैकी कुणी सासवडला असाल तर या. सायकल नसली तरी चालेल, पण येताना घरी कोण आहे ते बघून या.