मूर्त कविता, स्त्रीवादी

अक्षरांची कागदावरची मांडणी हाच जिचा आशय असतो, ती मूर्त कविता. १९५०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ऑयगेन गोमरिंगर यांनी आणि ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या नोइगांद्रेस गटाने ती रुजवली. सुरुवातीचे जाहीरनामे पुरुषांचे आणि संग्रहांत स्त्रियांची नावे मोजकीच. अमेरिकेच्या मेरी एलेन सॉल्ट यांनी मात्र फुलांच्या नावांतील अक्षरांतूनच फुले घडवली आणि १९६८ मध्ये या कवितेचा जागतिक संग्रह स्वतः संपादित केला.

मूर्त कवितेला खरी स्त्रीवादी धार चढली ती १९७०च्या दशकात, इटलीत. भाषा पुरुषांनी घडवलेली. तिच्यात आपले म्हणणे मांडायचे तर आधी तिचे सांधे सुटे करायला हवेत, ही तिथल्या कवयित्रींची भूमिका होती. मिरेला बेंतिवोल्यो (१९२२–२०१७) यांनी कोका-कोलाच्या बोधचिन्हातली वळणदार ‘सी’ अक्षरे समोरासमोर ठेवून हृदय साकारले. कृतीचे नाव ‘आज्ञाधारक ग्राहक-स्त्रीचे हृदय’ (१९७५). त्याच बोधचिन्हात ‘ओका’ हा शब्दही दडलेला आहे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ हंसी, आणि बोलीत बावळट बाई! जाहिरात बाईला काय समजते, ते त्यांनी कंपनीच्याच अक्षरांतून वाचून दाखवले.

ब्यांका पुच्चारेल्ली मेन्ना (जन्म १९३१) यांनी कलाजगतातील पुरुषांच्या मक्तेदारीवर बोट ठेवण्यासाठी तोमासो बिंगा हे पुरुषी नाव घेतले. ‘जिवंत लेखन’ या मालिकेत त्यांनी स्वतःच्या विवस्त्र देहाने एकेक अक्षर घडवले आणि त्या छायाचित्रांतून शाळेच्या भिंतीवर असतो तसा मुळाक्षरांचा तक्ता उभा केला. बाईचा देह इथे पाहण्याची वस्तू राहत नाही, तो लिपी होतो. या प्रवाहातली ही सर्वांत धाडसी कृती म्हणायला हवी.

इटलीबाहेर, पूर्व बर्लिनमध्ये, कचेरीत काम करणाऱ्या रूथ वोल्फ-रेफेल्ट (१९३२–२०२४) यांनी टंकयंत्रावर लाटा, पिंजरे, घनाकृती उमटवल्या आणि टपालाने देशोदेशी धाडल्या. त्यांत घोषणा नाहीत. पण ज्या यंत्रावर बायकांनी इतरांचा मजकूर टंकायचा, ते त्यांनी स्वतःच्या कामाला लावले, हे महत्त्वाचे.

१९७८ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात बेंतिवोल्यो यांनी मिठाच्या जुन्या गोदामांत ‘भाषेचे मूर्तीकरण’ हे प्रदर्शन मांडले. त्यात सुमारे ८० स्त्रियांच्या कृती होत्या. पुढे अनेक वर्षे त्याची फारशी दखल घेतली गेली नाही, हा कलेतिहासाचा अन्यायच. २०२० मध्ये १९५९ ते १९७९ या काळातील स्त्रियांच्या मूर्त कवितेचा स्वतंत्र संग्रह न्यूयॉर्कहून निघाला, आणि २०२२ च्या बिएनालेत तिच्या क्युरेटर चेचिलिया आलेमानी यांनी त्या जुन्या प्रदर्शनाच्या प्रेरणेने एक दालन उभारले.