जव्हार-मोखाड्याची छपरे: गवत, कौल, पत्रा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्ट्यातील वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर आणि कातकरी यांची जुनी घरे कुडाची. भिंती कारवीच्या, शेणमातीने लिंपलेल्या. मेढींवर आढे, आढ्यावरून उतरणारे वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या आणि त्यांवर गवताचा किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर. उतार पुरेसा असला की पावसाचे पाणी वरच्या काड्यांवरूनच पागोळीपर्यंत घसरते आणि आतला थर कोरडा राहतो. त्या कोरड्या काड्यांत कोंडलेली हवा ऊन आत येऊ देत नाही. थर्मोकोलसारखा फोमही हेच काम करतो.

असे छप्पर हवाबंद मात्र नसे, आणि ते तसे असून चाललेही नसते. चुलीला धुराडे नव्हते. धूर गवतातूनच वाट काढी आणि जाता जाता वासे, गवत, माळ्यावरचे धान्य यांना किडीपासून राखी. थंड मुलुखात ऊब निसटू नये म्हणून छपराच्या फटी बुजवतात. इथल्या छपराने पाणी अडवायचे, धूर सोडायचा.

पावसाळ्याआधी शाकारणी होई. कुजके गवत काढून नवे घालत, धड उरलेले पुन्हा वापरत. गवत फुकटचे वाटले तरी त्याला वाटेकरी फार: गुरे होती, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा होता, शिवाय मुंबईच्या तबेल्यांना ठाणे जिल्ह्यातून गवत जाई.

बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगलोरी कौले कोकणभर पसरली. जव्हार 1948 पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते. तिथेही कौल आधी ऐपतदारांच्या घरावर चढले, पाड्यांवर गवत बराच काळ टिकले. कौलांच्या सांध्यांतून वारा खेळतो, पण ती जड असल्याने लाकूड भक्कम लागते. वानरांचा उपद्रव वेगळाच.

पन्हळी पत्र्याचे पेटंट 1829 मध्ये लंडनमध्ये घेतले गेले. हलका, झटपट बसणारा आणि दरवर्षीच्या शाकारणीतून सोडवणारा पत्रा पाड्यांवर रुजला, यात नवल नाही. मात्र गवताच्या एकाच थरात होणारी दोन कामे त्याने वेगळी केली. पाणी अडले, ऊन अडले नाही, कारण पोलाद गवतापेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता वाहून नेते. उन्हाळ्यात घर तापते. थंडीत रात्री पत्रा गार पडतो आणि आतल्या दमट हवेचे थेंब त्याच्या पोटाला धरतात.

घर तापण्यावरचा जुना आणि स्वस्त उपाय म्हणजे उन्हाळ्यात पत्र्यावर पेंढा किंवा पाला पसरणे. खोक्यांतून निघालेले थर्मोकोल पत्र्याखाली लावले तर त्याच जाडीच्या गवतापेक्षा ते उष्णता जास्त अडवते. पण तुकड्यांमधले सांधे बुजवावे लागतात. नाहीतर दमट हवा मागे शिरून पत्र्याला पाणी सुटतेच. शिवाय साधे थर्मोकोल 100 अंशांच्या आसपास मऊ पडते, पेटले तर विषारी धूर सोडते. त्यामुळे चुलीवरच्या पाख्याला ते लावता येत नाही. तिथे धुराला वाट मोकळी ठेवून उघडा पत्रा किंवा कौलच बरे.