मद्रासच्या गायतोंड्यांची कन्या

रायपूरला लागून असलेली भनपुरी म्हणजे कारखान्यांची व मालमोटारींची वसती. घरापासून महिनोन्महिने दूर राहणारी माणसे येथे पदोपदी भेटतात. आणि आपण बदलीवरची मंडळी तरी त्यांहून निराळी कोठे आहोत? परक्या गावी साधा ताप आला तरी मन कातर होते. मग ज्या रोगाचे नावही घरी कळविण्याची सोय नाही, तो जडलेल्याची अवस्था काय होत असेल? त्या रोगाच्या, म्हणजे एचआयव्हीच्या, भारतातील इतिहासाचा आरंभ परमुलखातील एका मराठी कन्येच्या हातून झाला, हे आपणांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या गायतोंडे कुटुंबात जन्मलेल्या सुनीतीबाई पुढे डॉ. सुनीती सॉलोमन झाल्या. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असता १९८६ साली त्यांनी आपली विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन हिच्याकरवी रक्ताचे नमुने तपासविले, आणि हा विषाणू भारतात आल्याचे प्रथमच सिद्ध झाले.

तेव्हा औषध नव्हते. १९८७ साली अमेरिकेत झिडोव्हुडीनला मान्यता मिळाली. परंतु हा विषाणू सतत रूप पालटतो, त्यामुळे एकट्या औषधास तो लवकरच दाद देईनासा होई. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची रीत आली. तिघांनाही एकाच वेळी चुकविणे विषाणूस साधेना, आणि मरणोन्मुख रोगी उठून कामास लागले. मात्र वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरांच्या घरात! आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधावर नव्हे, ते बनविण्याच्या कृतीवर हक्क मिळे. त्यामुळे मुंबईच्या सिप्ला कंपनीस २००१ साली तेच उपचार एका सेवाभावी संस्थेस वर्षास ३५० डॉलरांत देऊ करता आले. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकार ही औषधे विनामूल्य देऊ लागले.

मधल्या रित्या वर्षांत सुनीतीबाई स्वस्थ बसल्या नाहीत. १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने केंद्र काढले. इतरत्र दारातूनच परतविलेल्या रोग्यांची तेथे तपासणी होई, त्यांस रोग समजावून दिला जाई, धीर दिला जाई. पुढे हेच केंद्र एका आंतरराष्ट्रीय संशोधनात सहभागी झाले. लवकर उपचार घेतल्यास जोडीदारास होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे त्यातून २०११ साली दिसून आले. २०१५ साली बाई निवर्तल्या. २०१७ साली त्यांस मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

आज लागण आढळताच गोळ्या सुरू होतात, आणि बदली झाल्यास नव्या गावच्या केंद्रातूनही त्या मिळतात. पण त्या रोज, जन्मभर घ्यावयाच्या असतात. खोलीतील सोबत्याच्या धाकाने डबी लपविणारा मनुष्य आज एक वेळ चुकवितो, उद्या दुसरी. आणि विषाणूस हवी तेवढी सवड मिळते. सरकार औषध देऊ शकते. ते उघडपणे घेता यावे इतका विश्वास मात्र शेजाऱ्यानेच द्यावयाचा असतो, आणि परमुलखात शेजारी म्हणजे आपणच.