संगणकाच्या पाठीवरचं कुलूप

जुन्या डीटीपीवाल्यासमोर ‘डोंगल’ म्हणा. इंटरनेटच्या डोंगलआधी त्याला आठवेल ते संगणकामागचं ‘लॉक’. काडेपेटीएवढं, दोन्ही तोंडांना 25 पिनांचा जोड. एक तोंड प्रिंटर पोर्टात, दुसऱ्यात प्रिंटरची केबल. पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम असो की श्रीलिपी, मराठी अक्षरं हवीत तर आधी लॉक लावायचं. दोन-तीन सॉफ्टवेअर घेतली की लॉकाला लॉक जोडायचं, आणि जड केबलच्या ओझ्याने ती आगगाडी मागे लोंबत राहायची. प्रिंट येईना झालं की आधी टेबलाखाली शिरून तीच हलवून बघायची.

या वस्तूचं जन्मगाव मात्र इंग्लंडातलं कॉव्हेंट्री. साल 1980. कमोडोर पेट या संगणकासाठी ‘वर्डक्राफ्ट’ नावाचा लिखाणाचा प्रोग्राम निघाला होता. फ्लॉपीची नक्कल करायला काही मिनिटं पुरत, मग दुसरी प्रत विकत घेणार कोण? ग्रॅहम हेगी यांनी तोड काढली ती पेटच्या कॅसेट पोर्टातून. तिथे टेपरेकॉर्डरसाठी वीजही मिळे आणि माहितीची ये-जाही होई, त्यामुळे वेगळी बॅटरी नको. आत 74एलएस165 ही बाजारात मिळणारी साधी चिप. प्रोग्रामने विचारलं की ती ठरलेले आठ बिट परत पाठवी. आठ बिट म्हणजे एक बाइट. तेवढ्यावर सगळी राखण!

‘डोंगल’ हे नाव हेगी, पीट डाउसन आणि माइक लेक या तिघांनी मिळून ठेवलं. पुढे 1992 मध्ये रेनबो टेक्नॉलॉजीज या लॉक बनवणाऱ्या कंपनीने जाहिरातीत सांगितलं, की डॉन गॉल नावाच्या माणसावरून हा शब्द आला. निव्वळ बनाव, पण लोकांना पटला. गावाच्या नावामागे एखादा ऋषी उभा करण्याची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

आता या कुलपाची गोम. चिपने दिलेलं उत्तर बरोबर की चूक, हे ठरवतो प्रोग्रामच, आणि तो पडलेला असतो गिऱ्हाइकाच्या डिस्कवर. इंटेलच्या प्रोसेसरवर ‘जुळलं तर उडी मार’ या छोट्या आज्ञेचा आकडा 74, आणि ‘काहीही असो, उडी मार’ याचा ईबी. जाणकार माणूस डिस्कवर ती जागा हुडकतो, 74 च्या जागी ईबी लिहितो, आणि लॉक नसतानाही प्रोग्राम सुरू. हेगींची राखण एका बाइटची होती. मोडायलाही एकच बाइट पुरे. मग कंपन्यांनी दहा ठिकाणी तपासण्या पेरल्या, प्रोग्राम सांकेतिक केला, शेवटी त्याचा एखादा तुकडाच चिपमध्ये नेऊन ठेवला. हा शेवटचा उपाय खरंच चिवट, कारण तो तुकडा डिस्कवर सापडतच नाही.

जाच झाला तो पैसे मोजलेल्यांना. ऑटोकॅडने 1985 मध्ये लॉक आणलं, गिऱ्हाइकं खवळली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत ते काढावं लागलं. अमेरिकेबाहेरच्यांच्या गळ्यात ते त्यानंतरही राहिलं, हे ओघानेच आलं. डोंगल बिघडला आणि बाजारात दुसरा मिळतच नसेल, तर त्याला वळसा घालायची सवलत 2003 साली अमेरिकी कॉपीराइट नियमांतच द्यावी लागली.

म्हणून लाखोंच्या किमतीचं, मोजक्या कारखान्यांत जाणारं सॉफ्टवेअर असेल तर डोंगल जरूर द्यावा, आणि तोही तुकडा पोटात ठेवणारा. दोन-चार हजारांच्या बिलिंग प्रोग्रामला तो देणं म्हणजे हरवलेल्या, मोडलेल्या, कुरिअरमध्ये अडकलेल्या लॉकांसाठी एक माणूस कायमचा फोनवर बसवणं.

आणि एक निराळीच भानगड 2018 मध्ये उघडकीला आली. हास्प हे इस्रायलच्या अलाद्दीन कंपनीचं नावाजलेलं लॉक; कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत तोवर ते गेमाल्टोकडे आलं होतं. कॅस्परस्कीच्या तपासनिसांना त्याच्या सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये 14 दोष सापडले. डोंगल लावला की विंडोजच्या फायरवॉलमध्ये पोर्ट 1947 मुकाट्याने उघडायचं, आणि त्यातून बाहेरच्याला मशीनवर ताबा मिळवता यायचा. गेमाल्टोने पुढे दुरुस्ती दिली. पण तोवर काम संपवून डोंगल काढून खिशात टाकला, तरी ते पोर्ट उघडंच राहायचं.