बेनची पिल्लं आणि ब्रीडरचा कागद : छोट्या कुत्र्यांच्या पैदाशीचा इतिहास



मागच्या व्याख्यानानंतर एक बाई मला भेटायला थांबल्या होत्या. त्यांच्या आई शहात्तर वर्षांच्या, फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. सोबतीला म्हणून या बाईंनी त्यांच्यासाठी यॉर्कशायर टेरियरचं पिल्लू घेतलं. फोनवर फोटो पाहिला, पैसे पाठवले, आणि हायवेवरच्या एका टोलनाक्याजवळ एक माणूस टोपलीतून पिल्लू देऊन गेला. दोन महिन्यांचं आहे म्हणाला. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं. डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, हे जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं होतं, रक्तातली साखर उतरली आणि गेलं. बाई मला म्हणाल्या, "पण सर, माझ्याकडे कागद होता हो!"

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून आज या कागदाचाच इतिहास बघू या. हा कागद आला कुठून, तो कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही? त्यासाठी आपल्याला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जावं लागेल. कारण कुत्र्यांच्या जाती वहीत नोंदवायची आजची पद्धत तिथेच बसली.

१८४० च्या दशकातलं लंडन डोळ्यासमोर आणा. श्रीमंत घरातल्या स्त्रियांमध्ये मांडीवर बसणाऱ्या छोट्या स्पॅनियलची फार हौस. ही कुत्री मिळायची कुठे? बरीचशी रस्त्यावर. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरीब कष्टकऱ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात रस्त्यावर कुत्री विकणाऱ्यांचं आणि कुत्री चोरणाऱ्यांचंही वर्णन आहे. जुन्या इंग्रजी कायद्यात कुत्रा चोरणं ही गाय किंवा घोडा चोरण्याइतकी मोठी चोरी धरली जात नसे. मग टोळ्याच तयार झाल्या. कुत्रा पळवायचा आणि मालकाकडून खंडणी घ्यायची. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीचा फ्लश नावाचा स्पॅनियल तर तीनदा पळवला गेला, आणि तिन्ही वेळा पैसे मोजून सोडवून आणावा लागला. अखेर १८४५ साली पार्लमेंटला कुत्राचोरीविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे त्या काळातल्या गिऱ्हाईकापुढचा पहिला प्रश्न बघा. हे जनावर विकणाऱ्याचं तरी आहे का? आईबाप कोण वगैरे प्रश्न नंतरचे.

आता उत्तरेकडे, यॉर्कशायरला जाऊ. तिथे लोकरीच्या आणि कापडाच्या गिरण्या. स्कॉटलंडमधून पोटापाण्यासाठी आलेले विणकर आपल्याबरोबर छोटे टेरियर घेऊन आले होते. घरं लहान, गिरण्यांमध्ये आणि वस्त्यांमध्ये उंदीर भरपूर. तेव्हा उंदीर मारणारा, थोडं खाणारा, कोपऱ्यात मावणारा कुत्रा कामगाराला परवडायचा. आज ज्याला आपण श्रीमंती थाटाचा, डोक्यावर रिबीन बांधलेला कुत्रा समजतो, त्याचं मूळ असं गिरणगावात आहे.

१८६५ साली हडर्सफील्डमध्ये एक पिल्लू जन्मलं. पुढे ते 'हडर्सफील्ड बेन' म्हणून प्रसिद्ध झालं. ब्रॅडफर्डच्या मेरी ॲन फॉस्टर या त्याच्या मालकीण. बेनने प्रदर्शनांमध्ये बक्षिसांची रास लावली. पण त्याचं खरं महत्त्व वेगळं आहे. तो स्वतः साधारण पाच किलोंचा, आणि त्याची पिल्लं मात्र सातत्याने त्याच्याहून लहान निघायची, केसही तसेच रेशमी. मग काय, ज्याच्याकडे कुत्री आहे त्याला बेनच हवा. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून तो मेला. उणंपुरं सहा वर्षांचं आयुष्य. पण तेवढ्यात त्याची इतकी संतती झाली की आजच्या यॉर्कशायर टेरियर जातीचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात.

इथे जरा थांबू. आपल्याकडे म्हण आहे, खाण तशी माती. आजही बाजारात गाय घेणारा शेतकरी विचारतो, हिची आई किती दूध देत होती? बेनला मागणी होती ती याच न्यायाने, आणि त्यात चूक काही नाही. पण बेन स्वतः जवळच्या नात्यातल्या जोडीतून जन्मलेला होता, आणि पुढे त्याचंच रक्त पुन्हा पुन्हा वापरलं गेलं. त्यात गोम अशी की प्रत्येक गुणाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एखादी प्रत सदोष असली तर दुसरी चांगली प्रत सांभाळून घेते, दोष दिसत नाही. नर-मादी एकाच घराण्यातले असले की तीच सदोष प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते, आणि लपलेला दोष पिल्लात उघडा पडतो. रेशमी केस पक्के होतात, लहान अंगकाठी पक्की होते, आणि त्यांच्याबरोबर जे नको तेही पक्कं होतं.

याच सुमारास प्रदर्शनांची लाट आली. पहिलं मोठं रीतसर प्रदर्शन १८५९ साली न्यूकासल अपॉन टाइन इथे भरलं. त्यात पॉइंटर आणि सेटर या दोनच प्रकारचे शिकारी कुत्रे होते. गंमत म्हणजे, पॉइंटरच्या परीक्षकाचा कुत्रा सेटरमध्ये पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटरमध्ये! आता यात लबाडी होतीच असं नाही, कदाचित त्यांचेच कुत्रे खरोखर चांगले असतील. पण लोकांनी विश्वास ठेवायचा कशावर?

दुसरी अडचण नावांची. एकाच नावाचे डझनभर कुत्रे. बक्षीस मिळवलेला कुत्रा कुठला आणि विकायला आणलेला कुठला, ठरवायचं कसं? यातून १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला. सेवॉलिस शर्ली हे पार्लमेंटचे सदस्य त्याचे संस्थापक. १८७४ मध्ये पहिली वंशावळीची वही निघाली आणि १८८० पासून कुत्र्याचं नाव नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. आपल्या त्या बाईंच्या हातातल्या कागदाचा जन्म हा असा आहे.

तो कागद काय सांगतो? या कुत्र्याचं नाव अमुक, आई अमुक, बाप अमुक. हे कोण सांगतं? पिल्लं ज्याच्या घरी झाली तो. तो लिहून देतो आणि क्लब नोंद करतो. चोरी आणि नावांचा घोळ यांवरचा तो उपाय होता, आणि त्यापुरता चांगलाच होता. आई निरोगी होती का, तिची किती वेतं झाली होती, पिल्लं कशा जागेत वाढली, हे विचारायला तो कागद जन्मलेलाच नव्हता.

पुढे हौसेचं वळण बघा. १८८८ मध्ये व्हिक्टोरिया राणी इटलीत फ्लॉरेन्सला गेली होती, तिथून तिने मार्को नावाचा छोटा पॉमेरेनियन आणला. त्याआधी इंग्लंडमधले पॉमेरेनियन चांगले दणकट असत. राणीने छोटा पाळला म्हटल्यावर सगळ्यांना छोटा हवा. आज इंग्लंडच्या मानकात पॉमेरेनियन नराचं वजन दोन किलोच्या आतबाहेर धरतात. हौस वरून खाली येते आणि पैदास तिच्यामागे धावते. आपल्याकडे हे २००३ साली दिसलं. हचच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि शहरांत जो तो पग मागायला लागला. एवढे पग आणायचे कुठून? कुत्रीचं अंग काही कारखाना नाही. पण मागणी आली की कुणीतरी तिचा कारखाना करतोच.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर हेच मोठ्या प्रमाणावर झालं. शेतांवर पिंजऱ्यांच्या रांगा लावून पिल्लांची पैदास व्हायची आणि ती दुकानांत जायची. तिथला प्राणी कल्याणाचा कायदा १९६६ मध्ये आला तो प्रयोगशाळांसाठी, आणि १९७० मध्ये त्यात घाऊक ब्रीडर आले. इंग्लंडमध्ये १९७३ च्या कायद्याने पैदाशीला परवाना लागू झाला. पण कागदाचा भ्रम तुटला तो २००८ मध्ये. बीबीसीने एक माहितीपट दाखवला, त्यात नावाजलेल्या वंशावळीचे कॅव्हेलियर स्पॅनियल होते. कवटी मेंदूला पुरत नाही म्हणून वेदनेने तळमळणारे. हे रस्त्यावरच्या चोरांचे कुत्रे नव्हते. यांच्याकडे कागद होते आणि बक्षिसंही होती. त्यानंतर आई-मुलगा, बाप-मुलगी, सख्खी भावंडं अशा जोड्यांची पिल्लं नोंदवणं केनेल क्लबने बंद केलं. हडर्सफील्ड बेनच्या काळापासून चालत आलेली रीत थांबायला इतकी वर्षं लागली.

मग २०२० मध्ये इंग्लंडमध्ये 'लुसीज लॉ' आला. लुसी ही पैदाशीच्या पिंजऱ्यातून सोडवलेली कॅव्हेलियर कुत्री. या कायद्याने सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मधल्या दलालाने विकणं बंद झालं. घेणाऱ्याने थेट ब्रीडरकडे जायचं आणि पिल्लू आईजवळ असताना बघायचं. भारतातही २०१७ चे श्वान पैदास नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, पिल्लाला मायक्रोचिप हवी. नियम आहेत, पण ते विचारणारं गिऱ्हाईक हवं.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येतो. खरा ब्रीडर ओळखायचा कसा?

छोट्या जातीचं गणित आधी समजून घ्या. एवढीशी कुत्री एका वेताला दोन-तीन पिल्लं देते, आणि बऱ्याचदा सिझेरियन करावं लागतं. म्हणजे नीट पैदास करणाऱ्याकडे वर्षभरात मोजकीच पिल्लं असणार आणि तुम्हाला थांबावं लागणार. ज्याच्याकडे केव्हाही फोन केला तरी छोटं पिल्लू तयार आहे, तो ती कुठून तरी आणतो आहे. दुसरं, 'टीकप' नावाची जात कुठल्याही मान्यवर केनेल क्लबच्या यादीत नाही. पिल्लू इतकं बारीक दिसण्याची कारणं साधी असतात. अशक्त नर-मादीची जोडी लावली, पिल्लाला उपाशी ठेवलं, किंवा वय वाढवून सांगितलं. आणि इतक्या लहान जिवाच्या अंगात साठा नसतो, काही तास पोटात गेलं नाही तरी साखर उतरते. त्या पिल्लाचं तेच झालं.

म्हणून घरी जा. टोलनाक्यावर नाही, घरी. आई बघा, ती माणसाजवळ येते का बघा. पिल्लाच्या डोक्यावरची टाळू भरली आहे का, आईबापांच्या गुडघ्याच्या वाट्या डॉक्टरांनी तपासल्या आहेत का, विचारा. आईचं हे कितवं वेत? पिल्लू सांभाळता आलं नाही तर परत घ्याल का, आणि हे लिहून द्याल का? जो चांगला आहे तो या प्रश्नांनी चिडणार नाही. उलट तोच तुम्हाला विचारेल, घरात कोण असतं, दिवसभर कुत्र्याजवळ कोण थांबणार, आजीबाईंना जमेल का?

कागदही बघा, पण सगळ्यांत शेवटी. तो कुळ सांगतो. आपली गाय घेणारा शेतकरी आधी गोठ्यात जातो, मग बोलणी करतो.

त्या बाई आज समोर बसल्या आहेत. त्या सहा महिने थांबणार आहेत असं मघाशी म्हणाल्या. आईंना सांगितलंय, घाई नाही. मला वाटतं, आजच्या व्याख्यानातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य त्यांचंच आहे.